साखरेला वास नसतो

शीरखुर्मा मला खाता येतो, करता येत नाही. लग्न होऊन उस्मानपुऱ्यातल्या या घरात आले तेव्हापासून दर ईदला सकाळी खालून स्टीलचा डबा वर यायचा, आम्ही तो संपवायचो आणि डबा घासून परत द्यायचो. एवढाच काय तो माझा अनुभव. घराचे दोन मजले. खाली खाला आणि चाचा, वर आम्ही. मी गंगापूरकडच्या खेड्यातली. आमच्याकडं शेवयांची खीर म्हणजे दूध, साखर, शेवया, झालं. त्यात खारीक, खोबरं, चारोळी, पिस्ते, वर तुपात परतलेल्या केसासारख्या बारीक शेवया, हे सगळं एका भांड्यात जातं हे मला इथं आल्यावर कळलं.

डबा रिकामा परत द्यायचा नाही, ही माझ्या सासूबाईंची शिस्त. चमचाभर का होईना, साखर घालूनच तो खाली जायचा. खाला दर वेळी मला छेडायची. "दुल्हन, मी शक्कर घालून पाठवते आणि तू शक्करच वापस करते. मग मधल्या मधी खाल्लं काय तुम्ही?" माझे केस पांढरे झाले, गुडघे कुरकुरायला लागले, तरी मी तिच्यासाठी दुल्हनच राहिले. तिचं ऐकून चाचाही मला दुल्हनच म्हणायचे. भाजीवाल्यासमोर अशी हाक आली की मला लाजल्यासारखं व्हायचं, पण आतून बरं वाटायचं.

खालाची एक खोड होती. ती सगळा स्वयंपाक वासावर करायची. रमजानच्या महिन्यात रोजा असायचा, तोंडात कण घालायचा नाही, आणि संध्याकाळी घरच्यांपुढं ताट तर ठेवायचं. मग ती पातेल्यावर वाकून नाक लावायची आणि सांगायची, मसाला कच्चा आहे, मीठ कमी आहे. मी म्हणायचे, "मिठाला कुठं वास असतो, खाला?" ती म्हणायची, "असतो. तुझं नाक कच्चं आहे." महिनाभराची ही सवय ईदच्या सकाळीही सुटायची नाही. रोजे संपलेले असायचे, चाखायला काहीच हरकत नव्हती, पण चाखेल ती खाला कसली. वाफ हुंगायची, मान हलवायची आणि गॅस बंद करायची. तिचा शीरखुर्मा कधी चुकला नाही.

मग तिचं विसरणं सुरू झालं. आधी आम्ही हसण्यावारी नेलं. वय झालं की होतं असं, म्हणालो. सकाळी मी परत दिलेली वाटी दुपारी पुन्हा मागायला यायची. गॅस बंद केला का बघायला जिन्यातून मागं फिरायची आणि खाली गेली की कशाला आलो तेच तिला आठवायचं नाही. एकदा मला तिच्या पैठणच्या बहिणीच्या नावानं हाक मारली. मी ओ दिली. काय करणार, चूक दाखवली की ती दिवसभर घाबरलेली राहायची, पदराचं टोक चावत बसायची.

त्या काळातल्या एका ईदला डबा आला आणि आमच्या ह्यांनी पहिला चमचा तोंडात घातला तो तसाच धरून ठेवला. माझ्याकडं बघितलं. "साखर नाय यात," म्हणाले. मी चाखून बघितलं, खरंच नव्हती. दूध आटवलेलं, खारीक मऊ, तूप ताजं, सगळं जिथल्या तिथं, फक्त साखर नाही. मी म्हटलं, "गप खा," आणि दोघांच्या वाट्यांत वरून साखर घातली. खाली चाचांनीही घालून घेतली असेल, असं धरून चालले. डबा परत देताना मात्र हात थबकला. त्यात साखर घातली तर तिला टोमणा वाटायचा. मग चिवडा भरला आणि दिला. पुढच्या ईदला पुन्हा तसंच झालं, आणि मी पुन्हा चिवडाच भरला.

यंदा दिवाळी होऊन थंडी पडली आणि खाला गेली. तापाचं निमित्त झालं. मोठं काही दुखणं असतं तर आम्ही मनाची तयारी तरी केली असती.

चाचा त्यानंतर बोलेनासेच झाले. पुढच्या ओसरीत खुर्ची टाकून बसायचे, दिवस मावळला तरी दिवा लावायचे नाहीत. मी पोळीभाजी घेऊन गेले की "ठेव" म्हणायचे, आणि दुसऱ्या दिवशी ताट अर्धं तसंच असायचं. मला रागच यायचा. मी रागावले की भांडी आदळते, तर त्यांच्यासमोर आदळलीही. त्यांनी मान वर केली नाही. माणूस गेलं की मागं राहिलेलं माणूस इतकं हलकं कसं होतं, हे बघून मला वर येऊन रडू यायचं.

रमजान लागला तेव्हा त्यांचा मुलगा पुण्याहून आला. चांगला आहे मुलगा, लहानपणी माझ्याच जिन्यात पडून दात पाडून घेतलेला. म्हणाला, "काकू, अब्बांना आता एकटं नाही ठेवत. ईद झाली की घेऊन जातो. घराला कुलूप लावू." बरोबरच होतं त्याचं. चाचा खुर्चीतच होते. कितीतरी दिवसांनी आपणहून तोंड उघडलं त्यांनी. "ईद इथं करायची. तिचा शीरखुर्मा एकदा खायचा. मग जिकडं नेशील तिकडं येतो."

ज्या घरात मय्यत झाली त्या घरात पहिल्या ईदला गोड करत नाहीत, शेजारचे घेऊन येतात. आमच्यातही पहिल्या दिवाळीचा फराळ दुसऱ्यांच्या घरून येतो, तसंच हे. मुलाची बायको नुकतीच बाळंत झालेली, पुण्याहून येणं तिला शक्य नव्हतं. "कोण करणार, अब्बा?" तो म्हणाला.

"मी करते," मी म्हटलं. माझं तोंड हे असं आहे, माझ्या आधी धावतं.

चाचांनी माझ्याकडं नीट बघितलं. "तिच्यासारखा कर, दुल्हन. दुसऱ्या हाताचा मला नको."

वर आले तर हे म्हणाले, "तुला येतो का?" मी म्हटलं, "नाही." "मग?" "मग काय, करीन." नुसतं गोड खायला घालायचं असतं तर काहीही जमवलं असतं. त्या माणसाला त्याच्या घरातली शेवटची ईद द्यायची होती, आणि ती त्याच्या बायकोच्या हातची असायला हवी होती. चव जराशी हुकली तरी तो वाटी बाजूला सारणार आणि तसाच गाडीत बसणार, हे मला दिसत होतं.

ईदच्या आदल्या दिवशी शहागंजला गेले. बाजारात पाय ठेवायला जागा नव्हती. खाला ज्या दुकानातनं शेवया घ्यायची तिथूनच घेतल्या. खारीक दुधात भिजत घातली. तिच्या दारात उभं राहून इतकी वर्षं गप्पा मारल्या, तेव्हा तिचे हात काय करत होते ते आठवत बसले. खारीक उभी चिरायची, आडवी नाही. चारोळी आधी पाण्यात घालून चोळून घ्यायची. शेवया तुपात बदामी रंगावर थांबवायच्या, लाल होऊ द्यायच्या नाहीत. आणि दूध ढवळताना ती काहीतरी पुटपुटायची, ते काय होतं ते मी कधी विचारलं नव्हतं. आता कुणाला विचारणार होते?

सकाळी लवकर उठून आंघोळ केली आणि गॅस पेटवला. रमजान ईदला नमाजला निघायच्या आधी काहीतरी गोड खातात, त्यामुळं वेळ हातात थोडाच होता. सगळं सामान ओट्यावर मांडून ठेवलं होतं. खारीक, खोबरं, सुका मेवा, शेवया, आणि झाकण घातलेल्या वाटीत मोजून ठेवलेली साखर. दूध आटायला लागलं आणि तो वास घरभर पसरला. माझ्या हातून तिच्या घरचा वास येतोय हे कळलं आणि मी तिथंच पदर तोंडाला लावून उभी राहिले. ह्यांनी दारातनं बघितलं आणि परत गेले. खालून मुलानं हाक मारली, "काकू, निघायची वेळ झाली." मी घाईनं शेवया सोडल्या, ढवळलं, गॅस बंद केला.

चाखलं नाही. आमच्यात नैवेद्याचं कुणी चाखत नाही, आणि गेलेल्या माणसासाठी केलेलं तर नाहीच नाही. माझ्या मनानं ते तिच्या नावानंच केलेलं होतं. तिच्यासारखं नाक लावलं, वास बरोबर होता. जीव भांड्यात पडला.

खाली चाचा नवा पांढरा कुर्ता घालून बसले होते. टोपी गुडघ्यावर. मी तिच्याच डब्यातनं वाटी भरून हातात दिली. त्यांनी पहिला चमचा घेतला आणि डोळे मिटले. मी त्यांच्या तोंडाकडं बघत उभी. त्यांनी दुसरा घेतला, तिसरा घेतला, वाटी संपवली आणि पुढं केली. "और दे." डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते पुसतही नव्हते. "तिचाच आहे," म्हणाले. "एकदम तिचाच."

मी वर आले ती तरंगतच. ह्यांना सांगायचं म्हणून स्वयंपाकघरात गेले आणि ओट्यावर झाकलेली वाटी दिसली. झाकण काढलं. साखर जशीच्या तशी होती.

वाटी घेऊन मी धावतच जिना उतरले. चाचा दुसरी वाटी खात होते. "चाचा, साखर राहिली," मी म्हटलं. मला इतकी लाज वाटली की लाजेचा रागच झाला. "अहो, सांगायचं नाही का? इतकं फिकं कसं खाताय तुम्ही?"

"मी पहिल्या चमच्यालाच बोलणार होतो काकू," मुलगा हळूच म्हणाला. "अब्बांनी डोळे वटारले."

मी साखर घालायला वाकले तर चाचांनी वाटीवर हात ठेवला. "नक्को दुल्हन. आखरीच्या दोन ईदला तिनं असाच केलता. मी असाच खाल्ला. ती समोर बसून माझ्या तोंडाकडं बघत राहायची. कैसा हुआ, विचारायची. मी म्हणायचो, एकदम बराबर. साखर मागितली असती तर तिला कळलं असतं, आपण विसरायला लागलो म्हणून. लई भ्यायची ती त्याला."

त्यांनी वाटी पुसून संपवली.

"तुमच्याकडं पण फिकाच यायचा," ते म्हणाले. "मला ठाऊक होतं. दोन्ही साल डबा वापस आला तर आत साखर नव्हती, चिवडा होता. तेव्हाच समजलो मी. वरच्यांनी पण सांभाळलं तिला."

मग त्यांनी टोपी घातली आणि मुलाचा हात धरून नमाजला गेले. मी साखरेची वाटी घेऊन पायरीवर बसले आणि मनसोक्त रडले. तिच्यासाठी रडायला मला इतके महिने जागाच सापडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी दुपारी ते निघाले. सामान फार नव्हतं, दोन बॅगा आणि गाठोड्यात बांधलेली तिची गोधडी. मुलगा कुलूप लावत होता. चाचा सावकाश माझ्याकडं आले आणि खालाचा तो डबा माझ्या हातात दिला. "हा आता तुझ्याकडंच राहू दे."

डबा जड लागला म्हणून मी झाकण उघडलं. आत साखर होती, काठोकाठ. त्यांच्या कुर्त्याच्या बाहीलाही दाणे चिकटलेले होते.

"एवढी कशाला चाचा," मी म्हटलं. "चमचाभर घालायची असते."

"घरात होती तेवढी सगळी घातली," ते म्हणाले. "आता खाली चहा कोण पिणार?"