मागच्या चाकाचा नट

यजमान गेल्यानंतर देवीपुढे हात जोडले तरी माझ्या तोंडून शब्द निघत नसे. एवढ्या वर्षांची पूजा, आणि माणूस मात्र राहिला नाही, एवढेच मनात येई. अंजनगाव सुर्जीजवळच्या आमच्या मळ्यातला झेंडू अमरावतीला पोचवायचे काम आता माझ्यावर आले. मोटारसायकल चालवता येत होती. तिची देखभाल मात्र तेच करत. मेकॅनिकची वाट बघत बसले तर फुले कोमेजत, म्हणून मोबाइलवर पाहून मी एकेक काम शिकू लागले. ऑइल बदलले, प्लग साफ केला. दसऱ्याच्या तोंडावर एका सकाळी ढिली झालेली चेन पहिल्यांदाच स्वतः ताणली आणि घाईघाईत निघाले.

वलगावच्या अलीकडे एक म्हातारी रस्त्याच्या कडेला हात करून उभी होती. उशीर होत होता, थांबायचे मनात नव्हते. तरी पाय ब्रेकवर गेला.

"दोन फुलं देते का, माय? लेक दवाखान्यात हाय, बाळंतपणाले. देवीले वाहाची हायेत."

मागे बांधलेल्या पोत्यातून फुले काढायला वाकले आणि नजर चाकाकडे गेली. चेन ताणून झाल्यावर मागच्या चाकाचा मोठा नट पान्याने आवळायचा राहून गेला होता. तो आट्यांच्या अगदी टोकाशी आला होता, चाक तिरके झाले होते. मी तिथेच मातीत बसून रडू लागले.

"काय झालं वं?"

"चाक निघालं असतं, मावशी."

"निघालं तं नाई ना? मंग कावून रडून राहिली? कर ना नीट."

पाना पिशवीत होता. चाक सरळ केले, नट आवळला. प्रत्येक हिसक्यासरशी तोंडून देवीला "माय, माय" अशी हाक निघत होती, किती महिन्यांनी. मान वर केली तेव्हा म्हातारी पोत्यातली दोन फुले आपल्याच हाताने घेऊन ऑटोत बसलीही होती. तिचे गाव, तिच्या लेकीचे काय झाले, काहीच कळले नाही. ती चुटपुट अजून आहे.

तिला देवीने पाठवले, असे मी कोणाला पटवायला जात नाही. मला मात्र दुसरीच गोष्ट टोचते. गाडी धुताना हे कितीदा म्हणत, "ये इकडे, तुले शिकवतो." मी स्वयंपाकघरातूनच म्हणायची, "तुमी हायेत ना." त्यांच्याजवळ बसून शिकायचे ते दिवस आता येणार नाहीत.

आता निघण्याआधी मी प्रत्येक नटाला हात लावते, आणि मग पुढचा रस्ता देवीच्या स्वाधीन करते. माझ्याने होईल तेवढे मी करावे, उरलेले तिने बघावे. त्या सकाळी तिने बघितले. फक्त ही गोष्ट ज्यांना घरी जाऊन सांगावी, ते नाहीत.