आधी आकडा परत म्हणा

जेवणाच्या ताटावरून मला सगळ्यात जास्त वेळा उठवणारी बाई आज सकाळी गेली.

सुमनअक्का.
जळगावच्या पिंप्राळ्यातल्या लॅबच्या पॅथॉलॉजिस्ट. आम्हा सगळ्या डॉक्टरांच्या अक्का.

रिपोर्टमध्ये जिवावर बेतणारं काही दिसलं, की रविवार असो नाहीतर सण, अक्कांचा फोन यायचाच.

"आकडा परत म्हणा."
"अक्का, ऐकलं मी."
"तुम्ही ऐकलं. मी कुठे ऐकलं? म्हणा."

आकडा, पेशंटचं नाव आणि आता काय करणार, एवढं ऐकल्याशिवाय त्या फोन ठेवायच्या नाहीत.
मी जाम चिडायचो. अक्कांना ढिम्म फरक पडायचा नाही.

एकदा आखाजीची, म्हणजे अक्षय्य तृतीयेची दुपार. मी सासुरवाडीला, सावद्याला. आमरस-पुरणपोळी हाणून आडवा. फोन लेकीच्या हातात, कार्टून चालू.

इकडे जळगावला, माझ्या दवाखान्यात ॲडमिट असलेल्या रिक्षावाल्या भिकनभाऊंचं पोटॅशियम सात पूर्णांक दोन.
म्हणजे हृदय कधीही बंद पडेल. सिस्टर माझ्या ऑर्डरची वाट बघत उभ्या.

अक्कांनी फोन केले. लेकीनं कट केले.
रिपोर्ट व्हॉट्सॲपवर टाकला. लेकीचं बोट लागलं आणि अक्कांना निळी टिक दिसली.

दुसरं कोणी म्हणालं असतं, डॉक्टरांनी पाहिलं, आपण सुटलो.
अक्का टिकेवर विसंबणाऱ्यातल्या नव्हत्याच.

सावदा त्यांचं माहेर. लॅब सोडून सणाला स्वतः गेल्या नव्हत्या. सिस्टरना विचारून माझा ठावठिकाणा काढला आणि भावाला मात्र पिटाळलं. तो मोटारसायकलवर थेट माझ्या सासऱ्यांच्या दारात.

"डॉक्टर कोन हाये? उठा! माही बहीन लाइनवर हाये."
"काय झालं?"
"मले नाही सांगत ती. म्हने, डॉक्टरलेच सांगीन."

फोन कानाला लावला.
"भिकनभाऊ. पोटॅशियम सात पूर्णांक दोन. म्हणा."

म्हटलं. लगेच सिस्टरना इंजेक्शन सांगितलं आणि गाडी काढली.

भिकनभाऊ वाचले. आज अक्कांच्या दारात सगळ्यात आधी त्यांचीच रिक्षा उभी होती.

मीही तिथेच होतो. रडत होतो, लपवत नाही.
तेवढ्यात फोन वाजला. अक्कांच्या लॅबमधली मुलगी. लॅब आजही चालू!

"सर, अर्जंट आहे." तिनं आकडा सांगितला आणि म्हणाली, "परत म्हणा, सर."

गर्दीतून बाजूला झालो. आकडा म्हटला. पेशंटचं नाव म्हटलं. काय करणार, तेही सांगितलं.

अक्का, निरोप पोचला.

आता ठेवा फोन.