सेवारथाचा चौथा प्लग

श्रद्धेने आंधळ्याला दृष्टी लाभते, या वचनाचा मी प्रत्यक्ष साक्षीदार आहे. माझ्यासमोर, हाताच्या अंतरावर, ते घडलं. फक्त आमच्या वेळी श्रद्धेच्या जोडीला बारा व्होल्टची एक बॅटरी होती आणि ती नीट चार्ज केलेली होती, हे आधीच सांगून टाकतो. पुढे कुणाची फसगत व्हायला नको.

नागपूर तेव्हा अजून जुन्या मध्य प्रदेशाची राजधानी होतं. मी हिंगणघाटच्या शाळेत विज्ञान शिकवत होतो आणि घर वडनेरला होतं. देवाशी माझं भांडण नव्हतं. त्याच्या आजूबाजूला हार घालून उभ्या राहणाऱ्या माणसांशी होतं. मायच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकले होते. देवळातल्या समयीसाठी वाती मात्र तीच वळून देई, बोटांच्या अंदाजाने. आपल्याला न दिसणाऱ्या दिव्यासाठी माणूस इतक्या सारख्या वाती कशा वळू शकतो, याचं उत्तर माझ्या विज्ञानाच्या पुस्तकात नव्हतं. मी ते शोधलंही नव्हतं.

त्या पौषात वर्ध्याला डोळ्यांच्या ऑपरेशनचं शिबिर लागलं. आमच्या भागातले पेशंट नेण्याचं काम एका सेवा समितीने अंगावर घेतलं. समितीचे अध्यक्ष कापसाच्या जिनिंगचे मालक. त्यांनी आपली जुनी डिझेलची व्हॅन समितीला दान केली, तिच्यावर तिन्ही बाजूंनी आपलं नाव रंगवून घेतलं आणि चौथ्या बाजूला ‘सेवारथ’ असं लिहवलं. पेशंट निवडण्याचा कार्यक्रम वडनेरच्या मैदानात झाला, मांडव घालून, हारतुऱ्यांसह. ज्या डोळ्याला निदान उजेड कळतो त्याचंच ऑपरेशन होतं. उजेडही कळत नसेल तर आतली नसच मेलेली, मग चाकू लावून उपयोग नाही. तेव्हा एक कार्यकर्ता प्रत्येकाच्या डोळ्यासमोर टॉर्च धरून विचारत होता, दिसते का. माय म्हणाली, नाही. तिचं नाव यादीतून गेलं. ती घरी येऊन पुन्हा वाती वळायला बसली आणि मला म्हणाली की देवाच्या मनात नसेल. मला तिच्या देवाचा त्या दिवशी फार राग आला. तरी मी हट्ट धरला की गाडी जाणारच आहे, तूही चल, मोठ्या डॉक्टरांना एकदा दाखवू. शिबिराचा शेवटचा दिवस उरला होता. डॉक्टर त्याच संध्याकाळच्या गाडीने मुंबईला परतणार होते.

आणि आदल्या दिवशी सकाळी सेवारथ सुरू होईना. थंडी कडक होती. गावाने ढकलून पाहिलं, बैलजोडी लावून पाहिली. रथ नाल्यापर्यंत भक्तिभावाने गेला आणि तिथे थांबला. ड्रायव्हर रशीदभाईंनी इंजिन उघडून निदान केलं: हीटर प्लग जळाला. डिझेलचं इंजिन थंड असताना आधी आतून तापवावं लागतं. त्यासाठी प्रत्येक सिलिंडरमध्ये एक प्लग असतो, त्याच्या टोकाला तारेचं वेटोळं असतं, ते लाल होतं. या गाडीत असे चार प्लग एकामागे एक जोडलेले होते. एकाने हात सोडला की फुगडी मोडते, तसं एक जळाला की चारही थंड.

रशीदभाई आणि मी वाटेवरच्या एका ट्रकमध्ये बसून हिंगणघाटला सुट्या भागांच्या दुकानात गेलो. अध्यक्षांना वर्दी पोचलीच होती. तेही मुनीम घेऊन आले. दुकानदाराने सोनेरी अक्षरांच्या डब्यातले चार कोरे प्लग काचेवर मांडले. इतके चकचकीत की हळदकुंकूच लावायचं बाकी होतं. अध्यक्ष म्हणाले, हेच घ्या, सेवेच्या कामात काटकसर नको. रशीदभाईंनाही ते पसंत पडले. मी खिशातून भिंग काढलं. प्रत्येक प्लगवर आकडा कोरलेला असतो. नव्यांवर बारा होता, म्हणजे प्रत्येकाला अख्खी बॅटरी पाहिजे. गाडीत उरलेल्या आमच्या जुन्या तिघांवर जेमतेम दोनचा आकडा होता. एकामागे एक जोडलेल्या चौघांत बारा व्होल्ट वाटले, तर हे नवे प्लग नुसते कोमट होणार. गाडीतल्या साऱ्या तारा नव्याने जोडल्या असत्या तर ते चालले असते. पण ते पहाटेपर्यंत करणार कोण?

मी दुकानदाराला विचारलं, या आकड्याचा एखादा तरी आहे का. त्याने नटबोल्टांचा एक डबा टेबलावर उपडा केला. त्यात तो होता. काजळी धरलेला, कुणाच्या तरी गाडीतून उतरलेला. आकडा तोच. हा कुठून आला म्हणून विचारलं, तर दुकानदार म्हणाला, “आदिलाबादकडचा एक गाडीवाला होता जी. चारही बदलवले, तीन संगं घेऊन गेला. हा एक इथंच इसरला.”

कोण होता, काय नाव, ते त्याला ठाऊक नव्हतं. चहा पिऊन गेला म्हणे.

आम्ही तो बॅटरीच्या एका घरावर, म्हणजे एका सेलवर, लावून पाहिला. एका घरात दोनच व्होल्ट असतात. वेटोळं हळूहळू तांबूस झालं, मग नारिंगी. पण त्याचं आयुष्य किती उरलं होतं, हे कुठल्या भिंगातून दिसणार? अध्यक्ष खिन्न झाले. रशीदभाई मला बाजूला घेऊन म्हणाले, “मास्तर, उद्या नाई लागली गाडी, तर लोक मले नाई, तुम्हाले पकडतीन.” ते बरोबरच होतं. आठ आंधळी माणसं आणि माझी माय एका उतरलेल्या प्लगच्या भरवशावर बसणार होती, आणि तो मी निवडला होता. परतताना माझा हात सारखा खिशातल्या प्लगवर जात होता. हिशेब चुकला नव्हता, तरी मी मनातल्या मनात कुणाला तरी विनवत होतो. कुणाला, ते मी स्वतःला विचारलं नाही.

पहाटे अंधारातच पेशंट मागे बसले, घोंगड्या पांघरून. मायला गाडीत मळमळतं म्हणून तिला पुढे, रशीदभाई आणि माझ्या मध्ये बसवलं. रशीदभाईंनी बिस्मिल्ला म्हणून बटण ओढलं. प्लग इंजिनाच्या पोटात असतात, दिसत नाहीत. ते तापले की नाही हे कळावं म्हणून डॅशबोर्डवर जाळीच्या आड त्याच साखळीतली एक तार असते, उरलेले व्होल्ट घेऊन तीही त्यांच्यासोबत लाल होते. आम्ही दोघे त्या जाळीकडे डोळे लावून बसलो. काही नाही. अजूनही काही नाही. मग एक तांबडी रेघ उमटली, आणि माझ्या छातीतून श्वास सुटायच्या आत माय म्हणाली, “बाबू, हे लाल लाल काय आहे रे?”

मला वाटलं, माझ्या कानांना भास झाला. मी विचारलं, कुठे? तिने बोट पुढे केलं. ते थेट जाळीला टेकलं.

“रशीदभाई, बंद करा,” मी म्हणालो. त्यांनी बटण सोडलं. तार विझली.

“गेलं,” माय म्हणाली.

“पुन्हा लावा.”

“मास्तर, प्लग जळन,” रशीदभाई म्हणाले. मागून एक म्हातारा ओरडला की गाडी काऊन नाई लावून राह्यले, का शिबिर इथंच भरवता. प्लग जुना होता, एकेक तापणं त्याच्या मुळावर येत होतं, आणि तो गेला तर मागच्या आठ जणांचा उजेड मी घालवला असता. मी मायच्या तोंडाकडे पाहिलं. रशीदभाईंनीही पाहिलं. मग मी काही म्हणायच्या आत त्यांनीच बटण ओढलं.

“आलं,” माय म्हणाली. “आता मोठं झालं.”

या वेळी रशीदभाईंनी स्टार्टर दिला. इंजिन दोनदा खोकलं, धूर ओकलं आणि लागलं. मागून विठ्ठलाचा गजर झाला.

निवडीच्या दिवशी काय झालं होतं, ते नाला ओलांडताना मला कळलं. फोटो चांगला यावा म्हणून पेशंटांना मांडवाबाहेर, भर दुपारच्या उन्हात, सूर्याकडे तोंड करून बसवलं होतं. त्या उन्हात टॉर्च मलाही दिसला नसता. मी तिथेच उभा होतो, अध्यक्षांच्या भाषणातल्या चुका मोजत.

वर्ध्याला मोठ्या डॉक्टरांनी मायला अंधाऱ्या खोलीत नेलं आणि बाहेर येऊन म्हणाले, नस जिवंत आहे. दुपारी ऑपरेशन झालं. पुढे जाड भिंगाचा चष्मा लावून ती घरी यायला निघाली, तेव्हा गाडीत बसल्या बसल्या तिने आधी ती जाळी शोधली, तिच्यावर बोट फिरवलं आणि म्हणाली, “एवढूसंच होय?”

हिशेब माझा होता, हे मी आजही सोडत नाही. पण तो डबा उपडा झाला, त्यात तो एकच प्लग होता, थंडी त्याच आठवड्यात पडली, आणि मायला मळमळतं म्हणून ती पुढे बसली; यातलं काहीच माझ्या हिशेबात नव्हतं. आपण निवडतो तेवढंच आपलं. बाकीचं कुणीतरी चहा पिऊन विसरून जातं आणि आपण ते दोन्ही हातांनी घ्यायचं असतं. आदिलाबादकडच्या त्या माणसाचे आभार मानायला मला पत्ता नाही, म्हणून मी संध्याकाळी मायजवळ बसतो आणि ती वात लावते तेव्हा हात जोडतो. कुणाला, हे अजूनही विचारत नाही.

मायने रशीदभाईंकडून एक हीटर प्लग मागून घेतला. तो आमच्या देव्हाऱ्यात असतो, बाळकृष्णाच्या डाव्या हाताला, आणि त्याला रोज कुंकू लागतं. तो आधीचा, जळालेला प्लग आहे. चालू होता तो रशीदभाईंना गाडीत हवा होता.