रबराला ऊन पाणी

आमच्या कारखान्याचे साहेब दापोडीच्या नदीवर मोटारबोटीचा दोर धरून, एकाच फळीवर उभे राहून पाणी कापत जातात. तुम्ही ते पाहिलं नसेल, तर तुमचं काही बिघडलं नाही.

शनिवारी दुपारी ती फळी बाटल्या धुण्याच्या खात्यात येते, कारण लांब टेबल तिथेच आहे. हिवाळ्यात गार पाण्यात फळी वेगळी चालते म्हणे. मग साहेब तिच्या खालचं पातं कानशीने घासतात, पाय अडकवायचा रबरी बूट सूतभर मागे सरकवतात, एक डोळा मिटून बघतात आणि पुन्हा पुढे आणतात. वर फळीलाच विचारतात, "आता कसं वाटतंय, राणी?" आमच्याशी इतक्या गोडीने ते कधी बोललेले नाहीत.

परवा गारठ्याने रबर ताठ झालं, म्हणून त्यांनी कँटीनमधून ऊन पाण्याची बादली मागवली. बाळाला न्हाऊ घालणाऱ्या बाईसारखं कोपर बुडवून पाणी तपासलं. शेजारी हौदावर बाया गार पाण्यात बाटल्या विसळत होत्या. त्यांच्यासाठी ऊन पाणी आमची युनियन दिवाळीपासून मागतेय. कोळसा परवडत नाही, हे उत्तर ठरलेलं.

त्यातली एक म्हातारी म्हणाली, "सायेब, आमची बी बोटं आखडत्यात. अजून एक बाटली फुटली तर मला कामावरनं काढनार हायेत."

साहेबांनी खरोखर विचार केला.

"बाई, हातांना सवय होते. रबराला होत नाही."

म्हातारीने दोन्ही हात मनगटापर्यंत त्यांच्या बादलीत घातले. तिच्यामागे बाकीच्या बाया रांगेत उभ्या राहिल्या. साहेब बूट छातीशी धरून बघत राहिले.