कंपायलरचा होकार

मंठा येथे सांडू यांची मुलगी प्रांजली घरी बसून संगणकाचे काम करीत असे. तिची कंपनी जालन्याला होती. विहिरीतील पाण्याची पातळी दाखविणाऱ्या यंत्राचे प्रोग्राम ती कंपनी तयार करी. आई आसराबाई रोज शेळ्या घेऊन रानात जाई. वडिलांची नजर अधू झाली होती आणि कानही गेले होते. दिवसा त्यांना एकटे ठेवणे शक्य नव्हते. घरून काम करण्याची परवानगी काढून घेतली असती, तर प्रांजलीला नोकरीच सोडावी लागली असती.

आणि तीच परवानगी धोक्यात आली. तिने केलेला बदल प्रोग्रामात सामील झाल्यापासून यंत्र सुरू होताच बंद पडू लागले. वरिष्ठ ऋषी सरांचा फोन आला.

"प्रांजली, शेवटचा बदल तुमचा आहे."

"सर, त्याच आठवड्यात तुम्ही ऑफिसच्या मशीनवर नवा कंपायलर टाकला."

"टाकला. पण आपली तपासणी त्याला सगळं विचारून घेते ना? तो प्रत्येक गोष्टीला हो म्हणालाय. म्हणजे कंपायलर सुटला, उरलात तुम्ही."

"म्हणजे चोर मी."

"तसं म्हणत नाही. पण घरी बसून काम नीट होतं का, असं वरचे विचारताहेत. सोमवारपासून रोज जालन्याला या."

कंपायलर हा एक दुभाषी असतो. माणसाने लिहिलेले तो यंत्राच्या भाषेत उतरवून देतो. असे दुभाषी अनेक आहेत आणि सर्वांना सर्व काही येते असे नाही. म्हणून प्रोग्राम बांधण्यापूर्वी तपासणी, म्हणजे त्यासाठीच लिहिलेला एक छोटा प्रोग्राम, त्याला एकेका सुविधेचे लहान लहान नमुने देऊन पाहते. त्याने नमुना परत फेकला नाही, तर ती सुविधा त्याला येते, असे धरून पुढील काम चालते.

प्रांजलीला हे सर्व ठाऊक होते. तपासणीचा होकार ऐकल्यावर तिचा संशय कंपायलरवर उरला नाही, तो ऋषी सरांवर गेला. सरांनी काहीतरी गुपचूप बदलले आणि आळ आपल्यावर ढकलला, असे तिच्या मनाने घेतले. तिने सरांचा एकेक बदल उघडून पाहिला. खोट सापडली नाही. तेव्हा तिला वाटले की सरांनी ती फार हुशारीने लपविली आहे.

त्या दिवशी आसराबाई रानातून लवकर परतली आणि नवऱ्याला जेवायला वाढू लागली.

"भाकर वाढू का?"

"हाव."

"कालवण झालं का तिखट?"

"हाव."

"आपली शेळी मोटरसायकल चालवून राह्यली."

"हाव," सांडू गंभीरपणे म्हणाले.

आसराबाई हसली. "पाह्य प्रांजे, काहीबी ऐकू आलं न्हाई त्यायला. मी रोज एक असं उलटं इचारते. मंग कळतं, हाव खरं हाय का उगं." तिने त्यांचा हात धरून भाकरीवर नेऊन ठेवला.

प्रांजली जेवण तसेच टाकून उठली.

"आता कुठं निघाली?"

"माय, मलाबी एकाला उलटं इचारायचंय."

कोणत्याही कंपायलरला येणे शक्य नाही अशी एक सुविधा तिने मनाने रचली आणि तिला ‘शेळी’ हे नाव दिले. घरूनच ऑफिसच्या मशीनवर तपासणी चालवली. उत्तर आले, येते. ‘बोकड’ विचारले. तेही येते. मग कंपायलर प्रत्यक्ष काय बोलला ते तिने सबंध वाचले. हा शब्द ओळखीचा नाही, तो वगळून पुढे जातो, अशी सूचना त्याने प्रत्येक वेळी दिली होती. नमुना मात्र परत फेकला नव्हता आणि तपासणी तेवढेच पाहत होती.

कंपायलरने अशी सूचना दिली तर ती नकार समजावी, असा नियम तिने तपासणीत घातला. ‘शेळी’ला नकार मिळाला. तरी तिचा विश्वास बसेना. आता हा सगळ्यालाच नाही म्हणत असेल तर? जी सुविधा हमखास येते, ती विचारली. होकार आला. मग प्रोग्रामात वापरलेली एकेक सुविधा विचारली, तेव्हा एकीला नकार आला; नवा कंपायलर तीच वगळत होता आणि म्हणून यंत्र बंद पडत होते. त्यामुळे प्रोग्राम ती सुविधा न वापरता जुन्या पद्धतीने बांधला गेला. तिने हे सर्व ऋषी सरांना कळवले.

संध्याकाळी ऋषी सरांचा फोन आला.

"यंत्र चालू आहे. तुमचा बदल जसाच्या तसा आहे आणि चालतोय. माझी चूक झाली."

"सर, मीबी तुमच्यावरच संशय घेतल्ता. तुमचं सगळं उघडून पाह्यलं."

"सापडलं काही?"

"न्हाई."

"मग राहा मंठ्यालाच. वरच्यांशी मी बोलतो."



"सर, वरच्यांचं हो आलं की मला मेलवर पाठवा. त्यांच्या नावानं."

"अजून संशय आहे का?"

"कमी झाला सर. गेला न्हाई."