व्हॅन देऊन टाका, असं मी सांगितलं होतं

कॅल्क्युलेटरवर अकराशे आले तेव्हा मी ते पुसलं आणि पुन्हा हिशोब केला. पुन्हा अकराशेच आले. समोर बसलेल्या आशा घोडकेंनी विचारलं, "कमी आलं का मॅडम?"

कमी म्हणजे किती कमी, हे त्यांना कसं सांगावं ते मला कळेना. महिन्याचे सगळे हप्ते भरल्यावर घरखर्चाला उरणारी ती रक्कम होती. घरात तीन माणसं. त्या, आठवीतली मुलगी आणि दुसरीतला मुलगा.

मी बँकेत एकतीस वर्षं नोकरी केली. निवृत्तीनंतर तुळजापूरला एका शाखेच्या मागच्या खोलीत सल्लागार म्हणून बसते. काम सोपं वाटतं. कर्जात अडकलेली माणसं येतात, मी त्यांचे कागद बघते, जमाखर्च मांडते आणि पुढं काय करता येईल ते सांगते. फी नसते. माझ्या हातात कर्ज माफ करण्याचा अधिकारही नसतो. फक्त सल्ला.

आशाताई अणदूरहून आल्या होत्या. वय चौतीस. त्या शाळेची व्हॅन चालवतात. आसपासच्या वस्त्यांवरची वीस मुलं दोन फेऱ्यांत नळदुर्गच्या शाळेत नेऊन सोडायची आणि परत आणायची. व्हॅन मुळात त्यांच्या नवऱ्याची, महादेवची. त्यानं ती फायनान्स कंपनीच्या कर्जावर घेतली होती. चौदा महिन्यांपूर्वी तो हार्ट अटॅकनं गेला. सोलापूरच्या दवाखान्यात तीन दिवस होता.

"तवा मला गाडी येत न्हवती," त्या म्हणाल्या. "दिरानं महिनाभर चालवली, मग त्येंला त्येंचं काम. पोरांच्या आया इचारायला लागल्या, गाडी बंद करणार का म्हणून. मग शिकले. लायसन काढलं. भाड्याची गाडी चालवायचा बॅच काढला."

हे त्यांनी बाजारातून भाजी आणली इतक्या साधेपणानं सांगितलं.

आता हिशोब. वीस मुलांचे महिन्याला वीस हजार यायचे. त्यातून पेट्रोल, टायर, ऑइल, गाडीचा विमा धरून सात हजार जायचे. उरले तेरा. घरी ब्लाउज शिवून अडीच हजार. यातून व्हॅनचा हप्ता नऊ हजार चारशे, बायकांच्या गटातून घेतलेल्या कर्जाचे तेवीसशे, आणि दवाखान्यासाठी गहाण ठेवलेल्या सोन्याचं व्याज महिन्याला पाचशे धरायचं. शिवाय भावाचे चाळीस हजार उसने होते, त्यातला रुपयाही फिटला नव्हता.

इथवर कसंबसं जमत होतं. पण एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत शाळा बंद असते. उत्पन्न दहा महिन्यांचं आणि हप्ते बारा महिन्यांचे. दहा महिन्यांची कमाई बारात वाटली की घराला अकराशे उरतात. आशाताईंनी हे कधी वाटून पाहिलं नव्हतं. त्या मे महिन्यात घाबरायच्या आणि जुलैत विसरायच्या. पगारदार नसलेली बहुतेक माणसं असंच करतात.

त्यामुळं एप्रिल, मे, जून असे तीन हप्ते थकले होते. कंपनीची नोटीस आली होती, पंधरा दिवसांत थकबाकी भरा, नाहीतर गाडी ताब्यात घेऊ. तो सोमवार होता आणि नोटिशीचा सहावा दिवस.

त्यांनी आणलेल्या पिशवीत कर्जाच्या खात्याचा उतारा होता, पाच पानांचा. शेवटच्या पानावर बाकी रक्कम असते. मी ते पान काढलं. दोन लाख साठ हजारांच्या आसपास बाकी होती, वर दंड वाढत चालला होता. मी सगळ्या कागदांच्या झेरॉक्स काढून फाइलला लावल्या आणि सल्ला दिला.

"आशाताई, गाडी स्वतःहून जमा करून टाका. त्यांनी ओढून नेली तर त्याचाही खर्च तुमच्यावर पडेल. लिलावात कमी पैसे आले तर थोडं देणं राहील, पण ते आपण हप्ते पाडून घेऊ. शाळेत शिपायाची जागा आहे म्हणालात ना?"

"हाय. आठ हजार देतेत."

"मग ती बघा."

त्यांनी टेबलावरचे कागद पिशवीत भरले. मग म्हणाल्या, "दुसरं काय न्हाय व्हय?"

"आकड्यांत तरी दिसत नाही."

"बरं. तुमी म्हणताव तर तसं."

मंगळवारी त्यांनी कंपनीला फोन केला. गुरुवारी दुपारी एक वाजता माणूस घरी येऊन गाडी नेणार, असं ठरलं.

गुरुवारी सकाळी साडेदहाला मी त्यांच्यासाठी अर्ज लिहायला बसले. गाडी स्वतःहून देत आहोत, तरी दंड माफ करावा, अशा मजकुराचा. अर्जात कर्जाची तारीख आणि मूळ रक्कम लिहावी लागते. ती उताऱ्याच्या पहिल्या पानावर असते. म्हणून मी पहिलं पान उघडलं.

मंजूर कर्ज चार लाख वीस हजार. गाडीच्या डीलरला दिले चार लाख सहा हजार. मधले चौदा हजार कुठं गेले? प्रोसेसिंग फी चार हजार. आणि खाली एक ओळ होती, विमा हप्ता, दहा हजार.

मला आधी वाटलं, गाडीचा विमा असेल. पण गाडीच्या विम्याची पावती मी सोमवारीच पाहिली होती, तो डीलरकडं रोख भरलेला होता. मग हा दहा हजारांचा विमा कशाचा?

बँकेत काम केलेल्या माणसाला याचं उत्तर लगेच सुचायला हवं. मोठं कर्ज देताना कंपन्या पुष्कळदा कर्जदाराच्या जिवाचा विमा काढतात आणि त्याचा हप्ता कर्जातच मिळवतात. कर्जदार मेला तर उरलेलं कर्ज विमा कंपनी भरते. घरच्यांनी भरायचं नसतं. मी स्वतः असे कित्येक फॉर्म भरून घेतले आहेत.

महादेव जाऊन चौदा महिने झाले होते. आशाताईंनी त्यानंतर अकरा हप्ते भरले होते. आणि आज एक वाजता त्या गाडी देणार होत्या, माझ्या सांगण्यावरून.

मी फोन लावला. उचलला नाही. पुन्हा लावला. मग आठवलं, गाडीत मुलं असली की त्या फोन घेत नाहीत, तसं त्यांनीच सांगितलं होतं. मेसेज टाकला, "सही करू नका. मी येते." तो पोचला, पण वाचला गेला नाही.

सव्वाअकराची नळदुर्ग एसटी मिळाली. तिथून पुढं वडापच्या जीपमध्ये बसले, पण ती भरल्याशिवाय हलेना. मी ड्रायव्हरला म्हटलं, "दोन सीटचे पैसे मी देते, चला." तो म्हणाला, "चार रिकाम्या हायेत मावशी." चारचे दिले. वाटेत मी सात वेळा फोन लावला. मनात एकच चाललं होतं, की ती ओळ तीन दिवस माझ्या टेबलावर होती.

अणदूरला पोचले तेव्हा एक वाजून गेला होता. व्हॅन दारात उभी होती, म्हणजे अजून गेली नव्हती. आशाताईंनी आतलं सगळं सामान काढून ओट्यावर ठेवलं होतं. प्रथमोपचाराची पेटी, सीटवर घालायच्या चादरी, कुणाची तरी राहिलेली पाण्याची बाटली. चादरींच्या ढिगाखाली त्यांचा फोन होता, आवाज बंद केलेला. कंपनीचा माणूस बोनेटवर कागद ठेवून उभा होता. सोबत गाडी न्यायला एक ड्रायव्हर होता.

"सही केलीत?" मी विचारलं.

"दोन कागदांवर झाली. एक ऱ्हायला."

"चावी?"

त्यांनी मूठ उघडून दाखवली. चावी हातात होती.

"ती देऊ नका," मी म्हटलं. मग त्या माणसाला माझी ओळख सांगितली आणि पहिल्या पानाची झेरॉक्स दाखवली. तो तिशीतला असेल, बोलायला सभ्य होता.

"मॅडम, मला यातलं माहीत नाही. मला गाडी आणायला सांगितलंय."

"तुमच्या साहेबांना फोन लावा."

त्यानं लावला आणि फोन माझ्याकडं दिला. शाखेचे मॅनेजर बोलले.

"विमा ऑप्शनल असतो मॅडम. सगळ्यांचा नसतो."

"यांच्याकडून दहा हजार घेतलेत. उताऱ्यात आहे."

"बघावं लागेल. तोपर्यंत गाडी आमच्या यार्डात राहू द्या."

"नोटिशीचा आज नववा दिवस आहे. तुम्हीच पंधरा दिवस दिलेत. तोवर गाडी इथंच राहील. आणि सह्या केलेले कागद मी परत घेते आहे, असं तुमच्या माणसाला सांगा."

त्यांनी तिकडं कुणाला तरी नोटिशीची तारीख विचारली. मग ते म्हणाले, "सहा दिवस. पुढं मी काही करू शकत नाही."

तो माणूस गेल्यावर मी आशाताईंना ओट्यावर बसवून सगळं समजावलं. त्यांनी एकच प्रश्न विचारला.

"हे गेले तवा म्या कंपनीत जाऊन सांगितलं हुतं. दाखला बी दिला. त्ये म्हणले, तुमी सहकर्जदार हाव, हप्ता तुमालाच भरावा लागंल. इम्याचं त्येंला ठाव न्हवतं का?"

त्या बोलण्यात एक कामाची गोष्ट होती. "दाखला दिल्याची काही पोच आहे?"

होती. महादेवचा मोबाइल नंबर काढून स्वतःचा घालायला त्यांनी अर्ज दिला होता, त्याला मृत्यूचा दाखला जोडला होता आणि पोचेवर कंपनीचा शिक्का होता. म्हणजे मृत्यू कंपनीला वेळेत कळलेला होता. उशिरा कळवलं म्हणून विमा नाकारायची वाट बंद झाली.

मी त्याच दिवशी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याला मेल केला. शुक्रवारी काही नाही. शनिवारी काही नाही. रविवारी सुट्टी. सोमवारी मी सकाळपासून दर अर्ध्या तासाला मेल उघडत होते. आशाताई रोज गाडी चालवत होत्या आणि दुपारी फक्त "आलं का?" एवढंच विचारत होत्या. मंगळवारी, नोटिशीच्या चौदाव्या दिवशी, उत्तर आलं. पॉलिसी आहे, दावा निकाली निघेपर्यंत वसुली थांबवत आहोत.

दावा दाखल झाला. महिन्याभरानं विमा कंपनीचं पत्र आलं, कर्ज घेण्याआधी मयताला काही आजार होता का, उपचाराचे कागद द्या.

आशाताईंचा चेहरा उतरला. "त्येंला बीपीची गोळी चालू हुती."

"कधीपासून?"

"ध्यानात न्हाय."

"कर्जाच्या आधी की नंतर?"

"आधी असंल तर गेलंच का सगळं?"

मी विमा कंपनीचं पत्र पुन्हा वाचलं. आधी असेल तर अडचण होणार होती.

"आसलं तर मग न्हाय म्हणून लिहायचं का?" त्यांनी हळूच विचारलं.

"नाही. जे आहे ते लिहायचं. खोटं सापडलं तर दावाही जाईल आणि तुम्हीही अडकाल."

दोन दिवस त्यांनी घरातल्या पेट्या, गाद्यांखालचे कागद, सगळं उपसलं. शेवटी प्राथमिक आरोग्य केंद्रातला केसपेपर सापडला. त्यांनी त्याचा फोटो पाठवला. मी तारीख मोठी करून पाहिली. कर्जाच्या चार महिन्यांनंतरची होती. मी खोलीत एकटीच होते, तरी उठून उभी राहिले.

दावा मंजूर झाला. महादेव गेला त्या तारखेला जेवढं कर्ज होतं तेवढं विमा कंपनीनं भरलं. व्हॅन मोकळी झाली. पण त्यानंतर आशाताईंनी भरलेल्या अकरा हप्त्यांचं काय? एक लाख तीन हजार चारशे. ते परत करायला फायनान्स कंपनीनं आणखी तीन महिने घेतले. मला चार पत्रं लिहावी लागली. शेवटी कसले कसले चार्जेस कापून एकोणनव्वद हजार आले. व्याज मिळालं नाही.

ते पैसे कुठं लावायचे, हे ठरवायला त्या पुन्हा आल्या. मी म्हटलं आधी गटाचं फेडा, कारण त्याचं व्याज सगळ्यात जास्त. मग सोनं सोडवा. दोन्ही मिळून चौऱ्याऐंशी हजार गेले. भावाचे चाळीस हजार राहिले. त्याला महिन्याला दोन हजार द्यायचे ठरले. "पाच हजार उरलेत," त्या म्हणाल्या, "लेकीला सायकल घ्यावी म्हणते." मी म्हटलं, मेसाठी ठेवा. त्यांनी सायकल घेतली. जुनी, अठराशेला. बाकीचे ठेवले.

मेसाठी आता वेगळं खातं आहे. शाळा चालू असते त्या प्रत्येक महिन्याला त्यात अडीच हजार टाकायचे आणि एप्रिलपर्यंत हात लावायचा नाही. यंदाच्या सुट्टीत त्यांनी पहिल्यांदा कुणाकडं उसने मागितले नाहीत.

एक गोष्ट मला बोलायची राहिली होती. पैसे कुठं लावायचे ते ठरवायला त्या आल्या होत्या, त्या दिवशीच मी ती बोलले. "आशाताई, ते पान पहिल्या सोमवारीच माझ्याकडं होतं. मी वाचलं नाही. चूक माझी होती."

त्यांनी फाइल उघडून ते पहिलं पान पाहिलं.

"म्या बी वाचलं न्हवतं मॅडम. नोटिशीसंगं आलं, तसंच पिशवीत घातलं," त्या म्हणाल्या. "पण म्या बँकेत न्हवते."

त्यात राग नव्हता. म्हणूनच ते मला जास्त लागलं. आता कुणीही कर्जाचे कागद घेऊन आलं, की मी पहिल्या पानापासून सुरुवात करते आणि शेवटचं पान वाचून होईपर्यंत सल्ला देत नाही. याला एका माणसामागं वीस मिनिटं जास्त लागतात. बाहेर थांबलेले लोक कुरकुर करतात, ती ऐकून घेते.