मी न मारलेली हाक

आधीच सांगून ठेवते — भूत, चकवा, करणी यातल्या कशावरही माझा विश्वास नव्हता. माझं माहेर साखरशेत, जव्हार तालुका. लहानपणी गुरांमागे रानात हिंडलेली मुलगी मी, घाबरत बसले असते तर शाळासुद्धा झाली नसती. पुढे शिकले, ठाण्यात सरकारी ऑफिसात क्लार्क म्हणून लागले. त्यामुळे 'ताई, तुम्हाला भास झाला असेल' असं खाली लिहायला कुणी येणार असेल, तर कृपा करून येऊ नये. ते ऐकून ऐकून कान किटलेत.

नव्वदच्या दशकाचा शेवट. पालघर जिल्हा व्हायचा होता, सगळं ठाण्यातच. आमचे 'हे' बँकेत, आणि पक्ष्यांचं भलतं वेड. त्यांच्या निसर्ग मंडळाने दिवाळीच्या आधी मोखाड्याकडे बॅकपॅकिंग ट्रिप काढली. पत्रकावर मोठ्या अक्षरात छापलं होतं — 'रेनफॉरेस्टच्या कुशीत'. मला हसू आलं. आमच्या साग-ऐनाच्या रानाचं हे बारसं मी पहिल्यांदाच ऐकत होते. पण माहेरची बाजू म्हणून मीही सॅक पाठीला लावली.

मोखाड्याहून जीपने पोशेऱ्याकडे, पुढे पायी. वाट दाखवायला गावातले देवजीकाका होते. भात कापणीला आलं होतं, उतारावर नाचणी उभी होती आणि तिच्यापलीकडे दाट कारवी. धनेश दिसला, भृंगराज दिसला — तोच तो लांब शेपटीचा काळा पक्षी, दुसऱ्यांच्या आवाजाची नक्कल करणारा. आमचे हे नुसते हरखून गेले होते.

आता दोन रीती सांगते, कारण सगळं त्यावरच आहे.

एक — आमच्याकडे रानात कुणी कुणाला नावाने हाक मारत नाही. 'कूऽऽ' करायचं, समोरच्याने 'कूऽऽ' करून उत्तर द्यायचं, झालं. नाव घेतलं की ते रानाला कळतं, असं माझा बाप म्हणायचा. दारात चप्पल काढतो तसं मी ते पाळायचे, विचार न करता. पण ट्रिपच्या लीडरना — सगळे त्यांना सर म्हणत — हजेरी घ्यायची हौस. प्रत्येक वळणावर एकेकाचं नाव खणखणीत पुकारायचे. मी रीत सांगितली तर हसले. ताई, तुम्ही नोकरी करणाऱ्या, तुम्हीसुद्धा? असं सगळ्यांसमोर म्हणाले. आमचेही हसले त्यात. मला जो राग आला तो अजून गेलेला नाही.

दुसरी — मी नवऱ्याचं नाव घेत नाही. माझ्या आईने घेतलं नाही, आजीने घेतलं नाही, मीही नाही. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही ठाण्याच्या हॉलमध्ये. घरी, बाजारात, भांडणातसुद्धा — 'अहो'. इथेही लिहिणार नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी आणि ग्रुपमधली मीनल बाटल्या भरायला वरच्या झऱ्यावर गेलो. बाकीचे खाली वाटेवर थांबले होते. मीनल सारखी तिच्या सासरबद्दल बोलत होती आणि मी तोंडात चणे टाकून ऐकत होते. तिथून मी हाक मारली नाही. हाक मारायचं कारणच नव्हतं.

खाली आलो तर सर म्हणाले, काय झालं, कशाला बोलावलंत? मी म्हटलं, कुणाला? तेव्हा सगळ्यांनी मिळून सांगितलं. दरीच्या बाजूने, म्हणजे आम्ही होतो त्याच्या अगदी उलट दिशेने, माझ्या आवाजात यांच्या नावाची हाक आली. एकदा नाही, दोनदा. आणि हे एकदम उठले. "ही कधी नाव घेत नाही. काहीतरी झालंय तिला," एवढं बोलून कारवीत पळाले.

माझ्या काळजीने माणूस धावला होता, आणि मी इथे चणे खात उभी.

आम्ही कारवीतून उतरत गेलो. सगळे यांचं नाव घेऊन ओरडत होते, उत्तर नाही. उतार संपतो तिथे पुढे सरळ कडा, हे मला त्या बाजूची म्हणून माहीत होतं. सर म्हणाले, ताई, तुम्ही मारा हाक, नावाने मारा, तुमचा आवाज ओळखतील. मी तोंड उघडलं...

देवजीकाकांनी माझा दंड धरला. "बाय, नाव नको घेव. तां तर आधीच घेतलाय कोनीतरी."

मी जीव खाऊन ओरडले — "अहोऽऽ!"

पुन्हा ओरडले. मग खालून, अगदी जवळून, यांचा आवाज आला — "आहे, आहे... तू वर आहेस?"

कड्याच्या तोंडाशी कारवीच्या बुंध्यांना धरून बसले होते. पाय मोडलेला. पुढे पाऊल टाकलं असतं तर खाली काहीच नव्हतं. पाय मोडल्यावरही ते सरपटत पुढेच चालले होते, कारण तिकडून मी बोलावत होते. माझ्या आवाजात, नावाने. नंतर मागून 'अहो' आलं आणि ते थांबले.

मोखाड्याला प्लास्टर घातलं आणि ठाण्यात आल्यावर खरा तमाशा सुरू झाला. सासूबाई म्हणाल्या, हिनेच हाक मारली आणि आता कानावर हात ठेवतेय. रानातलीच ती, हिला कड्याचं काय भय, पण माझ्या मुलाला कशाला ओढलं? हे वाक्य मी त्या जाईपर्यंत सणावाराला ऐकलं. आणि सरांनी मंडळाच्या अंकात लेख लिहिला — भृंगराजाने एका पत्नीच्या हाकेची केलेली हुबेहूब नक्कल! सोबत पक्ष्याचं चित्र. लोकांनी वाहवा केली. मला एका शब्दाने विचारलं नाही.

अहो सर, नक्कल करायला आधी ऐकावं लागतं ना? यांचं नाव त्या रानात तुम्ही घेतलंत, तुमच्या आवाजात. माझ्या आवाजात ते कुणी कधी ऐकलं? लग्नाच्या हॉलमध्ये तुमचा भृंगराज जेवायला आला होता का? दोन-तीनदा पत्र पाठवलं, छापलं नाही.

मग ते काय होतं? मला माहीत नाही. तेव्हा नव्हतं, आजही नाही. पण माझा आवाज न विचारता वापरला गेला, आणि वर आळही माझ्यावरच आला, हे मी विसरणार नाही.

आता हे रिटायर झालेत. थोडे लंगडतात. आमची सून मुलाला सरळ नावाने हाक मारते, मला त्याचं काही वाटत नाही. ते ऐकून हे परवा चहा पिताना म्हणाले, "एकदा तूही मार की नावाने. आता कोण काय म्हणणार आहे?"

मी म्हटलं, "मारीन. पण मग मीच आहे, हे तुम्ही ओळखणार कसं?"

त्यांनी कप खाली ठेवला. त्यानंतर तो विषय काढलेला नाही.